प्रकल्प-पोर्टफोलिओचे सिनॅरिओ-नियोजन

संस्थेकडे प्रकल्प पुष्कळ आणि पैसा, माणसे व वेळ मोजके, अशा स्थितीत कोणते प्रकल्प हाती घ्यायचे, कोणते लांबणीवर टाकायचे आणि कोणते बंद करायचे हे ठरवण्याची एक पद्धत. पुढे येऊ शकणाऱ्या निरनिराळ्या परिस्थिती आधी मांडायच्या आणि प्रत्येक पर्याय त्या सगळ्यांत पारखायचा, हा तिचा गाभा. एकाच अंदाजावर सगळा आराखडा उभा करण्याची सवय मोडणे हे तिचे खरे काम.

‘सिनॅरिओ’ हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरतात आणि बैठकींतला बराच गोंधळ त्यातूनच होतो. एक अर्थ बाहेरच्या जगाचा: डॉलर महागला, मागणी घटली, कायदा बदलला. दुसरा अर्थ आपल्या हातातल्या निवडीचा: पाचही प्रकल्प घेतले तर काय, दोन पुढच्या वर्षावर टाकले तर काय. पहिल्यावर आपला ताबा नसतो, दुसऱ्यावर असतो. म्हणून तक्ता मांडताना प्रकल्पांचे संच आडव्या ओळींत आणि परिस्थिती उभ्या रकान्यांत ठेवाव्यात. दोन्हींची सरमिसळ झाली की आपल्याला हवा असलेला निर्णय आणि हवे असलेले भविष्य नकळत एकाच रकान्यात जाऊन बसतात.

या अर्थाने हा शब्द चित्रपटसृष्टीतून आणून रूढ केला तो अमेरिकेत रँड संस्थेत काम केलेल्या हर्मन कान यांनी. उद्योगांत पद्धतीला नाव मिळाले ते रॉयल डच शेल या तेलकंपनीतल्या पिएर वॅक यांच्या गटामुळे. 1973 च्या ऑक्टोबरात पिंपाला सुमारे 3 डॉलर असलेले तेल 1974 च्या जानेवारीत 11 डॉलरांच्या पुढे गेले. तेल असे भडकू शकते हे चित्र या गटाने कंपनीच्या व्यवस्थापकांपुढे आधीच ठेवले होते. 1985 मधल्या लेखात वॅक यांनी गंगेचे उदाहरण दिले. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की काही दिवसांत ऋषिकेशला, मग प्रयागला आणि काशीला पूर येणार, हे भाकीत नव्हे. पडून गेलेल्या पावसाचा तो परिणाम. जे ठरून गेले आहे ते अनिश्चिताहून वेगळे काढणे ही त्यांच्या मते पहिली पायरी. आपले सुरुवातीचे सिनॅरिओ निर्णयाच्या फारसे उपयोगी पडले नाहीत, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

पोर्टफोलिओची, म्हणजे सगळ्यांचा एकत्र संच पाहण्याची, कल्पना आली ती हॅरी मार्कोविट्झ यांच्या 1952 च्या शेअर-गुंतवणुकीवरील लेखातून: एकेका शेअरची जोखीम पाहून भागत नाही, ते एकाच वेळी कोसळतात का हे पाहावे लागते. प्रकल्पांना हे लागू आहेच. मात्र शेअर हवे तितके घेता येतात, अर्धा पूल बांधून चालत नाही. शिवाय एका प्रकल्पाचे अभियंते दुसऱ्यातही अडकलेले असतात.

औषध कंपनी स्मिथक्लाइन बीचमने 1993 पासून केलेला प्रयोग या विषयातला सर्वांत शिकण्याजोगा म्हणावा लागेल. तोवर प्रत्येक संशोधन-गट आपली एकच योजना घेऊन येई आणि ती मान्य व्हावी म्हणून भांडे. नवा नियम असा झाला की प्रत्येकाने किमान चार पर्याय आणायचे: चालू योजना, जास्त पैशांत काय करू, कमी पैशांत काय करू, आणि काम थांबवायचेच झाले तर आजवरच्या कामातले जास्तीत जास्त कसे वाचवू. पर्याय तयार होईपर्यंत त्यांचे मोल करायचे नाही, हेही ठरले. ‘मंजूर की नामंजूर’ हा झगडा संपला आणि ‘यातला कोणता’ ही चर्चा सुरू झाली. या प्रयोगाच्या 1998 मधल्या वृत्तांतानुसार, जादा गुंतवणूक न करता नव्या पोर्टफोलिओचे अंदाजित मूल्य जुन्यापेक्षा 30 टक्क्यांनी जास्त भरले.

तुलना कशी करायची, याला एकच उत्तर नाही. कल्पित आकडे घेऊ. संच ‘अ’ मागणी वाढली तर 50 कोटी मिळवून देतो, थंडावली तर 8 कोटी बुडवतो. ‘ब’ अनुक्रमे 32 आणि 8 कोटी देतो, ‘क’ दोन्ही वेळा 12. दोन्ही शक्यता सारख्या मानल्या तर सरासरीत ‘अ’ 21 कोटींसह पुढे, ‘ब’ 20 वर. पण लिओनार्ड सॅव्हेज यांनी 1951 मध्ये मांडलेली पश्चात्तापाची कसोटी लावली, म्हणजे त्या-त्या परिस्थितीतल्या सर्वोत्तम पर्यायापेक्षा किती हुकले ते मोजले, तर ‘अ’चा मोठ्यात मोठा पश्चात्ताप 20, ‘क’चा 38 आणि ‘ब’चा 18 कोटी. इथे ‘ब’ सरस ठरतो. कोणती कसोटी घ्यायची हे तोटा सोसण्याच्या ताकदीवर ठरते, आणि ती ताकद आकडे मांडण्याआधीच बोलून घ्यायला हवी.

ही पारख नसेल तर काय होते, याचे दाभोळ हे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. 1993 च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. देणे डॉलरशी बांधलेले होते आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचा होता. जागतिक बँकेने त्याच वर्षी प्रकल्पाला कर्ज नाकारले होते. 1999 मध्ये वीज सुरू झाली, तोवर करार एकदा रद्द होऊन फेरवाटाघाटींनी पुन्हा उभा राहिला होता. करार झाल्यापासून रुपया डॉलरमागे 31 वरून 47 च्या आसपास घसरला, तेलाबरोबर केंद्राचे इंधन असलेला नाफ्था महागला आणि मागणीही अपेक्षेइतकी वाढली नाही. 2001 च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. ही तिन्ही संकटे वेगवेगळी पाहिली तर सोसण्याजोगी वाटतात. ती एकत्र आली तर काय, हा रकाना तक्त्यात असायला हवा होता, कारण एका प्रकल्पाच्या देण्याचे ओझे मंडळाच्या बाकी सगळ्या कामांवर पडणार होते.

पद्धत फसते ती बहुधा सवयीने. चांगले, मध्यम आणि वाईट असे तीन सिनॅरिओ केले की सगळ्यांची नजर मधल्यावर स्थिरावते आणि तोच पुन्हा एकमेव अंदाज होऊन बसतो; म्हणून अनेक जाणकार दोन किंवा चारच करतात.

निर्णय एकदाच न घेता टप्प्याटप्प्याने घेण्याची सोयही यात आहे. लंडनच्या पूरसंरक्षणासाठी 2012 मध्ये जाहीर झालेल्या थेम्स एस्च्युअरी 2100 आराखड्यात अनेक कामांचे वेगवेगळे मार्ग मांडले आहेत. 1982 पासून वापरात असलेला थेम्स बॅरिअर सुधारायचा की नवा बांधायचा, हा प्रश्न त्यांपैकीच एक. समुद्राची पातळी, दरवाजे किती वेळा बंद करावे लागतात अशा खुणा सतत मोजल्या जातात आणि त्यांवरून कोणता मार्ग किती लवकर धरायचा हे पुन्हा तपासले जाते. शतकाअखेरच्या पर्यायाबाबतचा निर्णय 2040 पर्यंत व्हायचा आहे.