ओझरचे विमान आणि कोपरीची खोली

ठाण्याच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्यामध्ये कोपरी वसली आहे. विमानविद्येशी या वस्तीचा संबंध कोणी जोडणार नाही. तथापि तेथील एखादा तरुण आज रात्रीचे जेवण आटोपून संगणकापुढे बसतो, जॉयस्टिक हाती घेतो आणि मिग-२१ आकाशात नेतो. स्पिटफायर, मस्टँग इत्यादि महायुद्धकालीन विमानेही त्यास उपलब्ध आहेत. परंतु मिग हे आमच्या प्रांतातच, नाशिकजवळ ओझर येथे, बांधले जात असे. म्हणून आम्ही येथे त्याचाच विचार करणार आहो.

उड्डाणाची नक्कल करणारे हे यंत्र, ज्यास सर्वत्र सिम्युलेटर म्हणतात, मुळात खेळणेच होते. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. बाजाच्या पेटीतील भाते व हवेच्या नळ्या यांच्या योगाने लिंकने १९२९ साली एक डुलणारे लहानसे विमान तयार केले. वैमानिक तयार करण्याचे हे साधन कोणी मनावर घेईना. त्याची प्रथम गिऱ्हाइके बहुतेक करमणुकीच्या बागा. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे हवाई टपालाचे काम आले. धुके आणि अंधार यांत केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याची सवय नसलेली डझनभर माणसे थोड्याच आठवड्यांत मेली, तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. खेळण्याचे शस्त्रसाहित्य झाले ते असे!

त्याचे पुन्हा खेळणे होण्यास अर्धे शतक लागले. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक याने १९८० च्या सुमारास घरगुती संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर विक्रीस आणला. पडद्यावर चार रेघा दिसत, एवढेच. पण त्यातही पहिल्या महायुद्धातील हवाई झुंजीचा खेळ होताच. जुन्या लढाऊ विमानांचे वेड या विद्येस जन्मापासून जडलेले आहे.

आता ओझरकडे वळू. मिग-२१ भारतीय वायुदलात १९६३ साली आले. पुढल्याच वर्षी ओझरचा कारखाना स्थापन झाला आणि तेथून शेकडो मिग-२१ बाहेर पडली. या विमानाने १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या राज्यपाल-भवनावर हल्ला केला, ही त्याची कीर्ति. अपकीर्ति आकड्यांत आहे. संरक्षणमंत्री अँटनी यांनी २०१२ साली संसदेत सांगितल्याप्रमाणे, रशियाकडून मिळालेल्या निरनिराळ्या जातींच्या ८७२ मिगांपैकी ४८२ अपघातांत गेली व १७१ वैमानिक मृत्यु पावले. वर्तमानपत्रांनी 'उडती शवपेटी' हे नाव रूढ केले. आम्हांस ते नाव आवडत नाही, कारण त्यात सारा दोष विमानावर टाकून मोकळे होण्याची सोय आहे.

कोपरीच्या त्या खोलीचा उपयोग येथे होतो. 'डीसीएस' नामक सिम्युलेटरमध्ये २०१४ पासून मिग-२१ बिस हा प्रकार मिळतो. त्यावर हौशी लोकांनी भारतीय वायुदलाचे तिरंगी चक्र रंगविले आहे. नवशिक्याचा पहिला तास इंजिन सुरू करण्यातच जातो. खरा धडा उतरताना मिळतो. जमिनीवर टेकण्याच्या क्षणीही वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या आसपास. पंख आखूड व त्रिकोणी, त्यामुळे नाक वर उचलून यावे लागते, आणि नाक उचलले की धावपट्टी त्याआड जाऊ लागते. पंखाच्या मागील झडपांवर इंजिनातील हवा फुंकून उचल वाढविलेली असते. घाबरून इंजिनाचा जोर एकदम कमी करावा, तर वेगाबरोबर उचलही नाहीशी होते. पुन्हा जोर द्यावा, तर इंजिन सावकाश जागे होते. शिवाय इंधन इतके थोडे की पुन्हापुन्हा प्रयत्न करण्यास सवड नाही. दहा पुस्तके वाचून ध्यानात येत नाही ते हे यंत्र एका संध्याकाळीं पटविते: हे विमान दुष्ट नव्हते, ते शिकविलेल्या हातांसाठी होते.

आणि शिकविण्याची व्यवस्था काय होती? किरणसारख्या संथ शिक्षण-विमानावरून विशीतील मुले थेट मिगवर जात. दोन आसनी मिग होते खरे. पण मधली पायरी नव्हती. ला फाँतेन समितीने १९८२ साली प्रगत जेट शिक्षण-विमान घ्या असे सुचविले. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली, आणि ती प्रत्यक्ष दाखल झाली २००८ साली. बावीस वर्षे कागद फिरत राहिले. यास इतिहासकाराने सौम्य शब्द शोधू नये.

त्या विलंबाच्या काळातच, सप्टेंबर २००१ मध्ये, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ राजस्थानातील सुरतगढ येथून रात्री मिग-२१ घेऊन उडाले आणि काही क्षणांतच विमान कोसळून मृत्यु पावले. दोष वैमानिकाचा, असे प्रथम ठरले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी ते मानले नाही. त्या जाहीरपणे झगडल्या, आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान उभे राहिले.

कोपरीच्या खोलीत मिग कोसळले म्हणजे पडदा क्षणभर काळा होतो आणि एक कळ दाबताच विमान पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. शिवाय खेळाबरोबर फुकट मिळणारी भूमि कॉकेशसची. खाली सह्याद्रीऐवजी काळा समुद्र दिसतो. पडद्यावरच्या मिगला वय नाही. खऱ्या मिग-२१ ला वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप दिला. बासष्ट वर्षांपूर्वी त्याची पहिली तुकडी उभी राहिली तीही तेथेच.