क्वेकर समाजातील बालसंगोपन आणि शिक्षण

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांच्या उपदेशातून क्वेकर पंथ, म्हणजेच ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, उदयास आला. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो आणि तो अनुभवण्यासाठी पुरोहित लागत नाही, ही या पंथाची मूळ श्रद्धा. हा प्रकाश मुलातही असतो आणि मुलीतही असतो, असे मानल्यामुळे क्वेकरांच्या शिक्षणाला सुरुवातीपासूनच निराळे वळण लागले.

संस्कारांची पहिली जागा घर आणि उपासनासभा. मुले वडीलधाऱ्यांबरोबर मौन सभेत बसत. साधा पोशाख, शपथेविना खरे बोलणे आणि लहानथोर सर्वांना एकेरी संबोधन हे वळण त्यांना घरातच लागे. नाटक, नृत्य, संगीत आणि कादंबऱ्या मात्र वर्ज्य होत्या. संस्कार किती खोल रुजत, हे १६८२ मध्ये ब्रिस्टलला दिसले. क्वेकरांच्या छळाच्या त्या काळात मोठी माणसे तुरुंगात गेल्यावर मुलांनी मारहाण सोसूनही सभा चालू ठेवल्या.

१६६८ मध्ये फॉक्स यांनी वॉल्थम येथे मुलांसाठी आणि शॅकलवेल येथे मुलींसाठी शाळा काढण्याचा सल्ला दिला. जीवनात उपयोगी पडेल ते सर्व मुलांना शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. क्वेकर विचारवंत जॉन बेलर्स यांनी १६९५ मध्ये श्रम आणि विद्या एकत्र आणणाऱ्या वसाहतीची योजना मांडली. तिच्या प्रेरणेने १७०२ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात गरिबांसाठी कार्यशाळा सुरू झाली. तेथे मुलांना काम आणि अक्षरओळख दोन्ही मिळे.

अठराव्या शतकात पंथ अंतर्मुख झाला. पंथाबाहेर लग्न करणाऱ्याला सभासदत्व गमवावे लागे. मुले बाहेरच्या जगापासून जपावीत म्हणून ‘संरक्षित शिक्षणा’ची कल्पना पुढे आली. डॉ. जॉन फोदरगिल यांच्या पुढाकाराने १७७९ मध्ये यॉर्कशायरमधील अ‍ॅकवर्थ येथे, एका अनाथालयाच्या रिकाम्या इमारतीत, बेताच्या परिस्थितीतील क्वेकर मुलामुलींसाठी निवासी शाळा उघडली. मुलींना तेथे पहिल्यापासून प्रवेश होता. शिस्त मात्र कडक होती आणि आरंभीच्या काळात सुट्ट्याही नव्हत्या. मुलाच्या अंतःप्रकाशावर विश्वास ठेवणारा समाज त्याच्याभोवती कुंपणही घालत होता. पुढील शतकभर क्वेकर शिक्षणात ही ओढाताण राहिली.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथीयांना सहजी मिळत नव्हत्या. त्यामुळे क्वेकर तरुण उमेदवारी करून व्यापाराकडे वळत. शाळांतही गणिताला आणि निसर्गविज्ञानाला मोठे स्थान मिळाले. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन अशाच वातावरणात वाढले. ते वयाच्या बाराव्या वर्षीच शिकवू लागले होते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाची पहिली क्वेकर शाळा १६८९ मध्ये सुरू झाली. त्याच शहरात क्वेकर शिक्षक अँथनी बेनेझेट यांनी १७५४ मध्ये मुलींची शाळा काढली. त्यांच्याच आग्रहाने १७७० मध्ये क्वेकरांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा उघडली. पण हाच समाज पुढे मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडणाऱ्या निवासी शाळा चालवण्यातही सहभागी झाला. सर्वांमधील प्रकाश मानणारी माणसे दुसऱ्यांच्या परंपरेतला प्रकाश पाहू शकली नाहीत, हे या इतिहासाचे कटू सत्य आहे.

१८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये विवाहाचे आणि पोशाखाचे नियम सैल झाले. पुढे कला आणि संगीत शाळांत आले, इतर धर्मांच्या मुलांनाही प्रवेश मिळाला. आज बहुतेक क्वेकर शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी पंथाबाहेरचे आहेत, पण एकत्र मौन बसण्याची प्रथा टिकून आहे.

भारतात क्वेकरांचे काम प्रामुख्याने मध्य प्रदेशातील होशंगाबाद भागात रुजले. शिक्षणतज्ज्ञ मार्जरी साइक्स (१९०५–१९९५) यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे नई तालीम या गांधीप्रणीत शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवले. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर हे क्वेकर केंद्र आणि किशोर भारती ही संस्था यांनी १९७२ मध्ये ग्रामीण शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. घोकंपट्टीऐवजी मुलाच्या निरीक्षणावर आणि प्रश्नांवर त्याचा भर होता.