फडताळातल्या पेल्यांची कुळकथा

मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम आणि बालसंगोपन यांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तेव्हा घरातच सापडणाऱ्या एका लहानशा इतिहासाविषयी लिहावे असे मनात आले. तो इतिहास म्हणजे फडताळाच्या वरच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवलेले नक्षीचे काचेचे पेले.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे पूर्वी पाणी प्यायचे ते तांब्या-पितळेच्या भांड्यातून. सोवळ्याच्या घरात चुलीजवळ काचेला मज्जाव असे. काचेचा पेला निघायचा तो ओटीवर बसलेल्या पाहुण्यांना सरबत देण्यासाठी. १८६१ साली आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली आणि मुंबई बंदरात उतरलेला माल आसनगाव, खर्डीकडे येण्याची सोय झाली. मुरबाडला मात्र रेल्वे नव्हती. तिथे कल्याणहून बैलगाडीने आणि पुढे मोटारीने माल जाई. त्या काळी चांगली काच परदेशातून येत असे. म्हणूनच आजही कोणताही देखणा पेला दिसला की आपण त्याला सरसकट ‘बेल्जियमचा’ म्हणून मोकळ्या होतो!

पण आपल्या महाराष्ट्रानेही काच केली आहे, हे विसरता कामा नये. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने जोर धरला. प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे करावेत, अशी ती साधी योजना होती. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. या पैशापैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे मुलांना हे काम शिकवले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, आपला कारखाना काढला. त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोहोचला. तेव्हा जुनी काच म्हणजे विलायतीच, हा समज सोडून द्यावा.

आता पेल्याचे वय आणि घराणे कसे ओळखावे? प्रथम पेला उपडा करून उजेडात धरावा. नळीने फुंकून हाताने केलेल्या पेल्याच्या तळाशी सळई तोडल्याचा खरबरीत व्रण किंवा तो घासल्याची गुळगुळीत खळी पुष्कळदा असते. साच्यात दाबून केलेल्या पेल्याच्या अंगावर उभी बारीक रेघ बोटाला लागते. ती साच्याची शिवण. मात्र शिवण नाही म्हणजे पेला जुनाच, असे समजू नये. फिरोजाबादला आजही काच हाताने फुंकतात.

मग नक्षी पाहावी. कुंचल्याने काढलेली फुले एकासारखी एक नसतात. कुठे पाकळी जाड, कुठे देठ वाकडा असतो. सहाही पेल्यांवर फूल तंतोतंत सारखे असेल तर ते छापील समजावे. जाळीच्या कापडातून काचेवर रंग छापण्याची रीत १९३० च्या दशकापासून रूढ झाली, म्हणून असा पेला बहुधा त्यानंतरचा. सोनेरी काठ असेल तर तो ओठ लागतात तिथे झिजलेला हवा. तळावरचे ओरखडे वेडेवाकडे असतील तर ते वापराचे. सगळे एकाच दिशेने असतील तर कोणी मुद्दाम घासले असावेत, अशी शंका घ्यावी.

नाव सापडले तर फारच उत्तम. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ ते १९९२ एवढाच काळ होता. ते नाव असलेला पेला १९१८ च्या आधीचा असूच शकत नाही. ‘येरा’ अक्षरे असली तर तो बडोद्याच्या अलेम्बिक काच कारखान्याचा. ‘ड्युरालेक्स’ असेल तर फ्रान्सचा, आणि ही कंपनी १९४५ सालची. तिच्या पेल्याच्या तळाला जो आकडा असतो तो साच्याचा क्रमांक, सालाचा नव्हे. पुष्कळ पेल्यांना मात्र नुसती कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे आणि ती पहिल्याच धुण्यात गेली!

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या नात्यातल्या एका घरी वाटण्या झाल्या. शेत, घर, भांडी सगळे सुरळीत वाटले गेले, आणि दोघी जावांचे बिनसले ते गुलाबाच्या सहा पेल्यांवरून. थोरली म्हणे, हे आजेसासूबाईंच्या रुखवतातले, म्हणून थोरल्या सुनेचे. दोघींचे बोलणे बंद झाले. शेवटी आम्ही पेले खाली काढून पाहिले. फुले छापील निघाली, आणि तळाला ‘येरा’! आजेसासूबाईंचे लग्न तर १९२८ सालचे. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई बोलल्या, “अगं, हे तुमच्या सासूने घेतले. म्हशाच्या जत्रेतून. भाजी विकून साठवलेल्या पैशांतून, नणंदेला बघायला पाहुणे येणार होते म्हणून.” हे दोघींनाही ठाऊक नव्हते. बराच वेळ कोणी बोलेना. मग थोरलीनेच तीन पेले उचलून धाकटीच्या हातात दिले.

भगिनींनो, पेला विलायती नाही म्हणून त्याची किंमत कमी झाली का? सातबारावर आपल्या सासवांची नावे क्वचितच चढली. त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या वस्तू हाच त्यांचा दप्तरखाना. तळ आणि नक्षी कारखाना सांगतील, काळ सांगतील. पण कोणी घेतला, कशासाठी घेतला, हे घरातली वडीलधारी बाईच सांगू शकते. ती आहे तोवर तिला विचारावे, आणि एका चिठ्ठीवर लिहून पेल्यात ठेवावे. मोडीवाल्याला किंवा शहरातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पेला देण्याआधी एवढे तरी अवश्य करावे, ही माझी नम्र विनंती.