राशि-निक्षालन : धातुकाची पूर्वसिद्धता

ज्या धातुकात टनामागे जेमतेम एखादा ग्रॅम सोने असते आणि म्हणून ज्याचे पीठ करून टाक्यांत ढवळण्याचा खर्चही वसूल होत नाही, ते अभेद्य अस्तरावर ढिगाने रचून, त्यावर सोडियम सायनाइडाचा अतिविरल विद्राव ठिबकवून सोने विरघळवण्याची रीत अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात १९६९ च्या सुमारास रूढ होऊ लागली. तिचे यशापयश बहुतांशी ढीग रचण्यापूर्वीच ठरते. खडे मोठे राहिले, तर विद्राव आतील सोन्यापर्यंत पोचत नाही; चूर्ण वा चिकणमाती अधिक असली, तर थर तुंबतात आणि विद्राव मोजक्या वाटांनी निसटून ढिगाचा मोठा भाग कोरडा राहतो. यावर अमेरिकी सरकारच्या खाण विभागाने १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केलेला उपाय साधेपणामुळेच मोलाचा ठरला : टनास सुमारे २.५ ते ५ किलोग्रॅम सिमेंट मिसळून, पाणी शिंपडून, फिरत्या पिंपात धातुक घोळवले की सूक्ष्म कण मोठ्या खड्यांना चिकटून सच्छिद्र गोळ्या बनतात. सिमेंटातील चुन्याने अल्कधर्मिताही टिकते, आणि ती टिकलीच पाहिजे, कारण अम्लतेत सायनाइडापासून प्राणघातक वायू सुटतो. गोळ्या निदान ८ तास मुरल्यावरच ढीग रचतात.