लाल गोळीतलं माप

शिरवळ हे नीरेच्या काठचं, पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या सीमेवरचं गाव. महामार्ग आणि कारखाने आल्यापासून इथल्या गरोदर बाईपुढे दोन तऱ्हेच्या गोळ्या येतात. एक आशाताईंनी हातात ठेवलेली सरकारी लाल गोळी, फुकट. दुसरी मेडिकलमधली, चकचकीत खोक्यातली, जीवनसत्त्वांची भलीमोठी यादी छापलेली. लाल गोळीत मुख्य घटक दोनच: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. फुकट ते हलकं आणि यादी लांब ते भारी, असा हिशेब घरोघर होतो. तो चुकीचा आहे. या दोन आकड्यांमागे जवळजवळ शंभर वर्षांचा शोध आहे, आणि त्यातले दोन मोठे टप्पे दूर कुठे नव्हे, मुंबईत आणि पुण्याजवळच्या खेड्यांत घडले. गरोदरपणातलं जीवनसत्त्व सुरक्षित ठरतं ते मापामुळे आणि वेळेमुळे, भर घालत गेल्याने नव्हे, हे त्या इतिहासातून पुन्हा पुन्हा दिसतं.

१९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स लंडनहून मुंबईला आल्या. त्यांना बोलावलं होतं डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी, आणि कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था. प्रश्न असा होता, की कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त एकाएकी आटत होतं आणि त्यात कित्येक जणी दगावत होत्या. गिरणगाव त्या काळी रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसांनी भरलेलं. पण विल्स यांना सर्वांत जास्त हाल दिसले ते गरीब मुसलमान बायकांचे, कारण त्यांचं जेवण सर्वांत निकस होतं. आधी जंतुसंसर्गाची शंका तपासून झाली, ती टिकली नाही. मग त्यांनी वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात हे पाहिलं, आणि त्याच जेवणावर उंदीर ठेवून बघितले. उंदरांच्या प्रयोगात पुढे उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गाची भेसळ निघाली. माकडांवरच्या प्रयोगाने मात्र वाट दाखवली. असं निकस खाणं देऊन रक्त आटलेलं एक माकड मार्माइट चाटवल्यावर सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या यीस्टचा काळा, खारट, स्वस्त अर्क. तोच बायकांना दिला आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९३१ मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांचं पुढचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. यकृताचा शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगावर चालत असे, पण या बायकांवर चालला नाही. कच्चा अर्क मात्र चालला. म्हणजे रक्त कमी दिसलं तरी कमतरता एकच नसते. ही गोष्ट नंतर विसरली गेली आणि तिची किंमत मोजावी लागली.

मार्माइटमधला तो अनोळखी घटक १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला, आणि १९४५ मध्ये अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवून दाखवला. हेच फॉलिक अ‍ॅसिड. स्वस्त आणि हवं तेवढं मिळू लागल्यावर डॉक्टरांनी ते त्या दुसऱ्या पांडुरोगालाही द्यायला सुरुवात केली. रक्त सुधारलं, रुग्ण खूश झाले, आणि काहींच्या मज्जातंतूंचा ऱ्हास मात्र आतल्या आत चालूच राहिला. त्यांना कमतरता होती बी-१२ ची, जे १९४८ मध्ये वेगळं झालं. फॉलिक अ‍ॅसिडने रोग बरा केला नव्हता, फक्त रक्ताच्या तपासणीतून लपवला होता. वेळेचं महत्त्व कळायला आणखी काही दशकं गेली. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर अनेक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आधीचं मूल कण्याच्या व्यंगाचं झालेल्या बायकांना गर्भधारणेआधीपासून ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असं १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसलं. ४ मिलिग्रॅम ही मात्रा त्या बायकांसाठी होती. बाकीच्यांना पहिल्या तिमाहीत, आणि शक्य तर त्याआधीपासून, ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे त्याचा दहावा भाग पुरतो. आपल्याकडे मेडिकलमध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

कारण पुढचा टप्पा नेमका या जास्तीवरच बोट ठेवतो. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं, तर फॉलेट (म्हणजे शरीरातलं फॉलिक अ‍ॅसिड) कमी असलेली बाई सापडली एकच. विल्स यांच्या मुंबईतलं चित्र इथे पार उलटलं होतं. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक दिसली, म्हणजे पुढे मधुमेह होण्याची शक्यता. यावरून कुणी म्हणेल, मग फॉलिक अ‍ॅसिडच बंद करा. तसा अर्थ काढणं चूक आहे. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय कण्याच्या व्यंगापासून मिळणारं संरक्षण चाचण्यांनी पक्कं झालेलं आहे. यातून निघतं ते एवढंच, की फॉलिक अ‍ॅसिड ठरलेल्या मात्रेत घ्यावं आणि जिच्या ताटात मांस, मासे, अंडी, दूध क्वचित येतं तिचं बी-१२ तपासून भरून काढावं.

लोहाचं मापही असंच हलत आलं आहे. १९७० मध्ये देशात गोळ्या वाटायला सुरुवात झाली तेव्हा लोह ६० मिलिग्रॅम होतं. पांडुरोग हटेना म्हणून १९९२ मध्ये ते १०० केलं. पांडुरोग तरीही हटला नाही, आणि २०१८ च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात माप पुन्हा ६० वर आलं: दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. सरकारला नक्की काय ते ठाऊक नाही, असं यावर म्हणता येईल. मला उलट वाटतं. जागतिक आरोग्य संघटना ३० ते ६० मिलिग्रॅम सांगते, आणि मात्रा वाढली की मळमळ, बद्धकोष्ठता वाढते. पिशवीत पडून राहिलेल्या १०० च्या गोळीपेक्षा पोटात गेलेली ६० ची बरी. खरी अडचण घेण्यातच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना पांडुरोग होता, आणि १८० दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या होत्या अवघ्या २६ टक्के.

न घेण्यामागची कारणं जुनी आहेत. शी काळी होते, म्हणजे काहीतरी बिघडलं, ही भीती असते. पण तो रंग लोहाचाच, त्यात धोका नाही. गोळीने बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, ही दुसरी समजूत. खरा धोका उलटा आहे: बाळंतपणात सर्वांत जास्त जीव जातात ते रक्तस्रावाने, आणि आधीच रक्त कमी असलेली बाई तो सोसू शकत नाही. आज्या-पणज्या गोळ्यांवाचून बाळंत झाल्या, हा आक्षेप सर्वांत लाडका. त्यांतल्या ज्या वाचल्या त्यांच्याच नाती हे सांगायला उरल्या, एवढं उत्तर पुरे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चांगलेच, पण ते बाळंतपणानंतरचे; कण्याची नळी मिटते त्या आठवड्यांत ते कामाचे नव्हेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या गावात गाभण गाईला खनिज मिश्रण मापून घालणं नवलाचं नाही, मग सुनेच्या गोळीलाच एवढे प्रश्न का पडतात हे कोडं आहे.

उलट बाजूची चूक आता वाढते आहे: दोन्ही गोळ्या एकदम घेणं. त्याने लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दोनदा होतं, आणि मेडिकलमधल्या गोळ्यांत सर्वांत जपायचं ते ए जीवनसत्त्वाला. पूरक औषधांतून रोज १०,००० एककांहून जास्त रेटिनॉल, म्हणजे तयार रूपातलं ए जीवनसत्त्व, घेणाऱ्या बायकांच्या बाळांत जन्मजात व्यंगं वाढलेली दिसतात, असं १९९५ मध्ये अमेरिकेत आढळलं. कॅल्शियममुळे लोह रक्तात कमी जातं, म्हणून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत निदान दोन तासांचं अंतर हवं. चहाही गोळीबरोबर नको. आणि ही लाल, साखरेच्या वेष्टणाची गोळी लहान मुलाला चॉकलेट वाटते, पण मूठभर पोटात गेली तर जीवघेणी ठरते, तेव्हा ती फडताळात वरच्या फळीवर ठेवा. पुढच्या तपासणीला, किंवा सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या तपासणीला, जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्या, डॉक्टरांपुढे ओता, आणि यांतलं काय दोनदा होतंय ते विचारा.