हौशी संगणकीय खेळनिर्मितीतील बहुखेळाडू सुविधा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा तिघेजण एकाच बैठकीत खेळतात. टाकलेले पान तिघांनाही एकाच क्षणी दिसते. परस्परांपासून दूर असलेल्या संगणकांवर मात्र ही एककालिकता मुद्दाम घडवावी लागते.

उत्रेख्त विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये प्रसृत केलेले 'ॲनिमो' पुढे 'गेम मेकर' म्हणून प्रसिद्धीस आले. त्यात कालांतराने बहुखेळाडू सुविधेची भर पडली. दोन संगणक मोडेमने किंवा साध्या केबलनेही जोडता येत. संदेश हमीने पोहोचवावा की हमीविना परंतु जलद पाठवावा, ही निवड निर्मात्याकडे असे. हौशी निर्मात्यास या प्रश्नाशी भिडावयास लावणे, हेच त्या सुविधेचे खरे शैक्षणिक मोल होय.

तथापि ही यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या 'डायरेक्टप्ले'वर, पर्यायाने केवळ विंडोजवर, विसंबून होती. २०१२ मधील 'गेममेकर स्टुडिओ'ने मोबाइलसाठीही खेळनिर्मिती शक्य केली, तेव्हा तिला स्थान उरले नाही. नंतर आलेली सॉकेटवर आधारित सुविधा अधिक व्यापक होती. परंतु जुन्या खेळांतील जोडणीचा भाग निर्मात्यांना नव्याने लिहिणे भाग पडले.