फिरता कंदील

आश्विन-कार्तिकात, पितरांना मार्ग दिसावा या श्रद्धेने, उंच काठीवर लावल्या जाणाऱ्या आकाशदीपाच्या परंपरेशी नाते सांगणारा, छाया व प्रकाश यांच्या क्रीडेवर आधारलेला कागदी दीप. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पातळ पतंगी कागद ताणून, आत कातरलेल्या आकृतींचे दुसरे हलके वेष्टन अणीवर तोलले जाते. त्याच्या माथ्यावरील तिरप्या पात्यांना ज्योतीने तापून वर चढणारी हवा गती देते आणि हत्ती, घोडे, स्वार बाह्य कागदावर सावलीरूपाने फिरू लागतात. चीनमध्येही असा कंदील प्राचीन आहे. रचनेचे खरे मर्म ज्योतीच्या आकारमानात आहे : ज्योत लहान असेल तर सावलीची कड रेखीव उमटते, मोठी असेल तर उपच्छाया (कडेची अंधुक सावली) पसरून आकृती धूसर होते; आकृती ज्योतीच्या निकट नेल्यास सावली वाढते खरी, परंतु तिचा रेखीवपणा लोपतो, म्हणून कसबी कारागीर आकृती बाह्य कागदालगतच ठेवतो.

दीप व आकृती यांची अशी सांगड दगडातही आढळते : बीड शहरातील खंडोबा मंदिरासमोरील सुमारे ७० फूट उंचीच्या दोन अष्टकोनी दीपमाळांवर मनुष्य व पशू यांच्या आकृती आहेत. हा पाषाणातील संयोग कंदीलकारांनी अवश्य अभ्यासावा. या दीपमाळांवरील बऱ्याच आकृती आज विद्रूप झाल्या असून त्यांच्या जतनाचा बंदोबस्त होणे अगत्याचे आहे.